दीपेशचा बॅनर

“पाच बाय तीनचा कर. देवळापाशी लांबून दिसाय हवा,” महिपतकाका स्टुलावर टेकत म्हणाले. पुतण्याच्या, दीपेशच्या, उद्याच्या तेराव्याचं सामान घ्यायला ते पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडला उतरले होते. सामानात शेवटचा हा बॅनर. “चारची गाडी गावली तर बरा. नायतर वर कसा जायचा?”

दीपेश श्रुतिकाचा थोरला भाऊ. परळला एका छापखान्यात कॉम्प्युटरवर होता. कावीळ त्याने अंगावर काढली. सुट्टीला सवड नाही, म्हणत राहिला. लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी श्रुतिका कमलाकरशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात आपल्या खुर्चीवर होती.

हे काम त्यानेच शिकवलेलं. एका शिमग्याला गावी येताना तो आधी दुकानात शिरला आणि तिचा माउस उचलून मॉनिटरमागे टाकला. “माउस म्हणजे काठी गो. पाय धड हायत ना? मग चाल की!” तेव्हापासून तिच्या डाव्या हाताची करंगळी कीबोर्डच्या कंट्रोल बटणावर बसली ती बसलीच. आमच्या श्रुतिकाएवढा हात कुणाचा चालत नाही, असं शेठ गिऱ्हाइकांना ऐकवत.

तिने नेहमीप्रमाणे आधीच्या श्रद्धांजलीची फाइल उघडली. तुडीलच्या एका आजोबांची होती. आजोबांचा फोटो गेला, दीपेशचा आला. नाव बदललं, गाव बदललं, तारीख बदलली. खालचं ‘शोकाकुल : समस्त ग्रामस्थ व मुंबई मंडळ’ तसंच चालणार होतं. कंट्रोल-एस. काकांचा चहा अजून निवलाही नव्हता.

“बघा, काका.”

“झाला पन?” काका पडद्याकडे बघत राहिले. “एवढ्यात?”

“काही चुकलंय का?”

“नाय गो. बरोबर हाय सगळा.” त्यांनी कप खाली ठेवला. “मला वाटला, बसावा लागंल. पोराचा काम हाय, येळ लागंल.”

आतून शेठचा आवाज आला, “झालं ना गं? पाठव, मशीन मोकळं आहे.”

श्रुतिका फोटोभोवतीच्या फुलांच्या चौकटीकडे बघत होती. ती आजोबांची होती. त्यांच्या आधी चंदू रिक्षावाल्याची. तिने फाइल बंद केली आणि कोरं पान उघडलं. मग मॉनिटरमागे हात घालून माउस ओढून काढला, ओढणीने पुसला.

“शेठ, वेळ लागेल.”

“अगं, यांची चारची गाडी आहे!”

“जाऊ दे गाडी,” काका म्हणाले. “मी बसतो.”

शेठ बाहेर आले. पडद्यावरचा फोटो त्यांनी पाहिला, मग तिच्या हातातला माउस. “मी सोडतो त्यांना वर, माझ्या गाडीने,” म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

नवशिक्यासारखी ती एकेक गोष्ट शोधून काढत होती. फोटो शिमग्याचा होता. दीपेशच्या कानामागे गुलाल राहिला होता. तो तिने पुसला नाही.

“गळ्याचा बटन लावता येतंय काय गो?” काकांनी विचारलं.

“येतं. पण तो कधी लावायचा?”

“नाय लावायचा,” काका म्हणाले. “ऱ्हाव दे.”

स्टँडावरून चारची एसटी हॉर्न देत निघून गेली. काकांनी मान वळवली नाही. श्रुतिका नावाचं एकेक अक्षर जागेवर सरकवत होती. डावा हात मांडीवर उपडा पडला होता.