नियमांची मागची बाजू

आमच्या बोळात कचऱ्याचे चार डबे आहेत आणि त्यांच्या वर भिंतीवर नियमांचा कागद आहे. तो मी लावलाय. सहा वर्षांपूर्वी कचरा वेगवेगळा करायचा हुकूम निघाला, तेव्हा घरोघर असा एकेक कागद आला. लोकांनी तो खिळ्याला टोचला, नाहीतर टेपने डकवला, आणि महिन्याभरात त्याची लक्तरं झाली. मी जाड पुठ्ठा कापला, खळ शिजवली, कागद त्यावर बसवला, वजनाखाली दोन दिवस वाळवला आणि मग भिंतीवर ठोकला. आजवर त्याचा एक कोपरा सुटलेला नाही. सुटेल कसा? एकेचाळीस वर्षं पुस्तकं बांधतोय मी.

हे आधीच सांगितलं, कारण पुढचा सगळा घोळ त्याच कागदामुळे झाला.

घर दुमजली आहे आणि त्यात दोनच बिऱ्हाडं. खाली पुढच्या खोलीत माझं काम आणि मागच्या खोलीत मी. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. वर भट्टीवाली आणि तिची आई राहतात. भट्टीवाली पावाच्या भट्टीवर कामाला आहे, पहाटे जाते आणि दुपारी भुवयांवर पीठ घेऊन परत येते. आईला आम्ही सगळे ताई म्हणतो. ते नाव माझ्या बायकोने पाडलं, म्हणून ताई मला भावोजी म्हणतात. ताईंना दहा वर्षांपासून दिसत नाही.

यंदापासून नवा नियम आला. डब्यात भलतंच काही सापडलं, तर बुधवारची गाडी तो डबा उचलत नाही, त्यावर लाल चिठ्ठी लावून पुढे जाते. वर्षात तीन चिठ्ठ्या झाल्या, की घराचे डबेच काढून नेतात आणि सगळा कचरा हाताने पुलापलीकडच्या केंद्रावर न्यावा लागतो. आम्हाला फेब्रुवारीत पहिली चिठ्ठी लागली, मेमध्ये दुसरी. दोन्ही कागदाच्या डब्यावर.

मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याचा फोन आला. तो म्हणाला, तिसरी चिठ्ठी आली तर ज्याची चूक तो घर सोडेल, आणि नाव मला लेखी पाहिजे. मी म्हटलं, मिळेल.

हिशेब सरळ होता. बिऱ्हाडं दोन. चूक दोघांपैकी एकाची. आणि कागदाच्या बाबतीत ती माझी असणं शक्यच नव्हतं. कागद नुसता चिमटीत धरून मी त्याचं वजन सांगतो. मला कोण शिकवणार कागद काय असतो ते?

नाव लेखी द्यायचं तर पुरावाही लेखी हवा, म्हणून मी एक वही बांधली. आता कचऱ्यावर पाळत ठेवायची वही साधी चालली असती, पण हाताला सवय नाही. पाठीला कापड, कोपऱ्यांना कापड, आत आखीव रकाने: तारीख, वेळ, कोण, कोणता डबा, काय टाकलं. माझ्या कामाच्या टेबलासमोरच्या खिडकीतून बोळ पूर्ण दिसतो. पुस्तक शिवता शिवता मान वर केली, की झालं.

पहिल्याच मंगळवारी चोर सापडला. म्हणजे मला तसं वाटलं. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला ताई कठडा धरून खाली आल्या. भिंतीवरून हात फिरवत डब्यांपाशी गेल्या, झाकणं चाचपली, कागदाचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चांगली पाच मिनिटं तिथे होत्या. मी वहीत लिहिलं: ‘ताई. कागद. हात आत. काय टाकलं ते दिसलं नाही.’

पुढच्या मंगळवारीही तेच. त्याच्या पुढच्याही.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त आपण बरोबर निघाल्याचा आनंद झाला. न दिसणाऱ्या बाईला कचरा निवडायला लावायचा आणि लेकीने हात झटकायचे, ही कुठली पद्धत? एका दुपारी मी भट्टीवालीला जिन्यातच गाठलं आणि कागद कशाला म्हणायचं, चकचकीत पाकीट कागदात का जात नाही, तेलकट का जात नाही, सगळं पाठ म्हणून दाखवलं. ती पहाटेपासून उभी होती. भिंतीला टेकून तिने सगळं ऐकून घेतलं.

“काका, आमच्या घरात कागद येतोच किती?” ती म्हणाली. “आईला वाचता येत नाही आणि मला वेळ नसतो.”

मी तिला मालकाची अट सांगितली. तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. आवाज न चढवता ती बोलली, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. आईला हे घर हाताने पाठ आहे, म्हणाली. जिन्याला चौदा पायऱ्या, नववी जरा उंच. मोरीचा उंबरा, गॅसची कळ, खिडकीची कडी, सगळं. आधीचं घर सोडून इथे आलो तेव्हा तिला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मनगट मोडलं. “आता तिचं वय झालं, काका. आता नवीन घर नाही शिकणार ती.”

मी म्हटलं, मग नीट निवडत जा. आणि खाली आलो. असा मी.

ऑगस्टच्या दुसऱ्या बुधवारी तिसरी चिठ्ठी लागली.

त्याच दुपारी मी मालकाला पत्र लिहिलं. वरच्या बिऱ्हाडाचं नाव घातलं, वहीतल्या तारखा उतरवल्या, खाली सही केली आणि पत्र टाकून आलो. शुक्रवारी मालकाचा फोन आला, रविवारी येतो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, पण मी ते उकाड्यावर ढकललं.

शनिवारी सकाळी कचरा खात्याची तपासनीस बाई आली. तीन चिठ्ठ्यांनंतर डबे उचलण्याआधी एकदा पाहणी करतात म्हणे. हातात जाड मोजे, पायात गमबूट, बोलणं तुटक. मी स्वतः पुढे झालो आणि सगळं दाखवायला लागलो. हा कागद मी लावला, ही वही मी ठेवली. तिने वहीची पाठ बोटाने दाबून पाहिली आणि काम छान आहे म्हणाली. मग फरशीवर ताडपत्री पसरून कागदाचा डबा त्यावर उपडा केला.

ढिगातून तिने एक पट्टी उचलली. बोटभर रुंद, वीतभर लांब, तपकिरी.

“हे कोणाचं?”

“माझं,” मी म्हटलं, आणि जरा ऐटीतच म्हटलं. जुनं पुस्तक नव्याने बांधायचं तर त्याची जुनी पाठ कापून काढावी लागते. त्या पाठीच्या पट्ट्या होत्या. दिवसाला दोन-तीन तरी निघतात.

तिने पट्टी वाकवून पाहिली. ती वाकली नाही, कटकन मोडली. आत वाळका सरस होता आणि सरसात बसलेलं जाळीचं कापड.

तिने सांगितलं ते साधंच होतं. कागद पाण्याच्या हौदात विरघळतो. सरस विरघळत नाही, कापडही नाही. ते लगद्यात गोळे होऊन फिरतात आणि अख्खी खेप वाया जाते. अशा तेवीस पट्ट्या तिने माझ्यासमोर मोजून बाजूला काढल्या. बाकी डब्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

मी म्हटलं, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. सहा वर्षं रोज डोळ्यांसमोर आहे तो कागद.

“मागच्या बाजूला आहे,” ती म्हणाली. “डिंक, सरस, कापड. पहिलीच ओळ.”

आम्ही दोघांनी भिंतीकडे पाहिलं. पुठ्ठ्यावर कागद असा बसला होता, की नखसुद्धा शिरणार नाही. मागची बाजू त्या पुठ्ठ्याला खळीने कायमची चिकटलेली. चिकटवणारा मी.

तरीही मी हट्टाने म्हटलं, की पट्ट्या तर मी दर आठवड्याला याच डब्यात टाकतोय, मग यंदा चिठ्ठ्या तीनच कशा? ताडपत्री झटकत ती म्हणाली, मग कोणीतरी काढून ठेवत असेल. डब्यांचं काय करायचं ते सोमवारी कळवते म्हणाली आणि निघून गेली.

मी टेबलाशी बसलो आणि वही उघडली. वही बांधायच्या आधीच्या दोन चिठ्ठ्यांच्या तारखा पहिल्याच पानावर होत्या. तिसऱ्या चिठ्ठीच्या आदल्या मंगळवारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘ताई आल्या नाहीत. ताप आहे म्हणे.’ बाकी एकूण एक मंगळवारी त्या आल्या होत्या, आणि त्या बुधवारी गाडीने डबा निमूट उचलला होता. फेब्रुवारीत त्या आठवडाभर दवाखान्यात होत्या, मेमध्ये भाचीकडे. हे मला कोणाला विचारायचीही गरज नव्हती. मला माहीत होतं. मी पाहत नव्हतो एवढंच.

चौदा पायऱ्या चढून वर गेलो. नवव्या पायरीला ठेचकाळलो.

ताई एकट्याच होत्या, पलंगावर बसून लसूण सोलत. माझ्या पावलावरून मला ओळखलं आणि बसा म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच विचारलं, “ताई, माझ्या पट्ट्या तुम्ही काढत होता?”

त्यांचे हात थांबले. “कळलं का अखेर,” त्या म्हणाल्या.

“मला सांगायचं की.”

“नको म्हणाली होती ती.”

ती म्हणजे कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी खुर्ची ओढली आणि बसलो.

मग ताईंनी सावकाश सगळं सांगितलं. नियमांचा कागद आला त्या दिवशी मी खळ शिजवत होतो, तेवढ्या वेळात बायकोने तो दोन्ही बाजूंनी वाचला होता. मला सांगायला आली, तर मी म्हणालो होतो की कागदाचं मला शिकवू नकोस. म्हणालो असेन. माझंच वाक्य आहे ते. त्यानंतर दर मंगळवारी मी हातपाय धुवायला आत गेलो, की ती बोळात जाऊन पट्ट्या वेचायची आणि इतर कचऱ्याच्या डब्यात टाकायची. चार वर्षं. शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली तेव्हा तिने ताईंना बोलावून घेतलं आणि एक पट्टी त्यांच्या हातात दिली. हाताला कडक लागते, ताई, तुम्हाला बघायची गरजच नाही, म्हणाली.

“आणि म्हणाली, त्यांना बोलू नका. रागावतात, आणि मग दिवसभर जेवत नाहीत.”

मी रडलो. त्यांना दिसत नव्हतं, पण मला वाटतं त्यांना कळलं, कारण त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

शेवटी मी पत्राचं सांगितलं. त्यांच्या घराचं नाव मीच लिहून दिलंय, हेही सांगितलं. ताई एवढंच म्हणाल्या, “मग उद्या दुसरं लिहा.”

रविवारी मालक आला. भट्टीवाली हाताची घडी घालून जिन्यात उभी होती, तिच्या मागे ताई. मी मालकाच्या हातात वही दिली, तारखा दाखवल्या आणि मोडलेली पट्टी दाखवली. पत्रातलं नाव चुकीचं आहे, तिथे माझं घाला, असं सगळ्यांसमोर म्हणालो. एकेचाळीस वर्षांत कामाची खोली सोडायचा विचार कधी मनात आला नव्हता. त्या वेळी आला. तरी बोललो.

मालक माणूस वाईट नाही, पण पुढच्या खोलीवर त्याचा जुना डोळा आहे. तिथे दुकान निघेल, हे तो दर वर्षी ऐकवतो. त्याने खोलीत एक नजर टाकली आणि म्हणाला, शब्द दिला होता, ज्याची चूक तो जाईल.

“मग माझंही नाव लिहा,” ताई वरून म्हणाल्या. “त्या मंगळवारी मी खाली आले नाही. ते काम माझं होतं.”

मालकाने एकदा वर पाहिलं, एकदा माझ्याकडे. दोन्ही बिऱ्हाडं एकदम रिकामी झाली तर काय, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. शेवटी वही माझ्या हातात परत देत तो म्हणाला, डबे राहिले तर राहा, पण यापुढे एक जरी चिठ्ठी आली तर दोन्ही बिऱ्हाडं बाहेर. कोणाची चूक ते विचारणारसुद्धा नाही. सोमवारी तपासनीस बाईंचा निरोप आला, या वेळेपुरते डबे राहतील. भट्टीवालीने त्या दिवशी भट्टीवरचा एक गरम पाव माझ्या टेबलावर ठेवला. अजून पूर्ण माफ केलेलं नाही तिने, आणि ते बरोबरच आहे.

आता मंगळवारी संध्याकाळी ताई बोळात जात नाहीत. माझ्या कामाच्या खोलीत येतात आणि बायकोच्या खुर्चीत बसतात. आठवड्याचं कातरण मी टेबलावर पसरतो. आधी मी निवडतो, मग माझं निवडलेलं त्या हाताखालून घालतात. पहिल्या मंगळवारी त्यांनी तीन तुकडे परत दिले. मला ते शुद्ध कागद वाटले होते. डोळे मिटून बोट फिरवा म्हणाल्या. फिरवलं, आणि कडेला सरसाची पुसट रेघ लागली.

निवडून झाल्यावर मी चहा केला. एक गोष्ट मला शनिवारपासून छळत होती. बायको चार वर्षं गुपचूप वाकून माझ्या पट्ट्या वेचत होती, आणि मी आत बसून आपल्या हुशारीवर खूश होतो, हे काही मनातून जात नव्हतं.

“ताई,” मी विचारलं, “पट्ट्या काढताना ती काही बोलायची का माझ्याबद्दल?”

ताईंनी कप खाली ठेवला. “बोलायची म्हणजे? दर मंगळवारी मी वरच्या कठड्याशी ऐकत उभी असायचे. काय शिव्या घालायची तुम्हाला.”

गेल्या दोन वर्षांत एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, एकेक सांगा.