बालदेवांना नाचवणारा लॅपटॉप

मी एक जुना, जाडजूड लॅपटॉप आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगत बसावे का, याची मला स्वतःलाच खात्री नाही. माझ्याहून देखणे, हलके आणि हुशार लॅपटॉप जगात पुष्कळ आहेत. पण एक कोडे मी अजून मनात घोळवतो आहे. इतक्या सगळ्यांतून मलाच का निवडले? तुम्हाला सांगता सांगता मलाही ते थोडे उलगडेल, असे वाटते.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. सरकत्या पट्ट्यावर कोणीतरी माझ्या पोटात पंखा बसवला, एवढे आठवते. पंखा चांगला मोठा होता. "हा घोरणार बघ," असे एक कामगार बाई शेजारणीला म्हणाली. पुढे ते खरे ठरले.

तिथून मी तैनान शहरात, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत गेलो. माझे उमेदीचे दिवस जिने काढण्यात गेले. सरळ जिने, वळणाचे जिने, कधीच न बांधलेले जिने. नकाशांना ताकद लागते, म्हणून माझा मेंदू चांगला दमदार होता आणि वायरी जोडायला अंगावर भरपूर खाचा होत्या. कचेरीतली माणसे हळू आवाजात बोलत. मला ते आवडायचे. गाणे म्हटले की मला संध्याकाळी धून वाजवत येणारी कचऱ्याची गाडी तेवढी माहीत होती. ती आली की सगळे पिशव्या घेऊन खाली धावत, आणि मला वाटे, संगीत यासाठीच असते.

पुढे कचेरीत पातळ लॅपटॉप आले. मला पुसून, रिकामे करून जुन्या यंत्रांच्या एका दुकानात विकले. दुकान लो बाईंचे. तिथे मी खालच्या फळीवर होतो. गिऱ्हाईक यायचे, वरच्या फळीवरून काहीतरी चकचकीत उचलायचे आणि जायचे. मी कोणाला दोष देत नाही. मी गिऱ्हाईक असतो तर मीही मला घेतले नसते.

एके दिवशी श्यांगथिंग आली. सोबत तिचे काका होते, श्वेइमू. त्यांचे बालदेवांचे पथक होते. तुमच्या-माझ्यापेक्षा उंच, हसऱ्या चेहऱ्याचे, लहान मुलाच्या रूपातले तीन देव. प्रत्येकाच्या आत एक माणूस शिरतो आणि मिरवणुकीत देव नाचतात. पूर्वी ते ढोलावर नाचत. आता श्यांगथिंग ट्रकवर उभी राहून जोरकस ठेक्याची गाणी एकात एक मिसळते आणि देव त्यावर नाचतात. ती त्या पथकाची डीजे.

"तुमचंच ना ते पथक," लो बाई म्हणाल्या, "गेल्या वर्षी ऐन देवळाच्या दारात मुकं झालेलं?"

काकांचा चेहरा पडला. "हात वर करून तिघे देव नुसते उभे राहिले हो. लोकांना वाटलं, देव रुसले!"

"देव नाही रुसले काका, लॅपटॉप रुसला," श्यांगथिंग म्हणाली. "ट्रकला धक्का बसला आणि वायर निसटली."

त्यांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. पालखीच्या थेट पुढची जागा काकांच्या वडिलांपासून त्यांच्या पथकाकडे होती. देवळाच्या मंडळाने बजावले होते की यंदा पुन्हा आवाज बंद पडला, तर ती जागा शेजारच्या गावच्या पथकाला जाईल. म्हणून नवा लॅपटॉप हवा होता.

काकांनी लगेच वरच्या फळीवरचा रुपेरी, पातळ लॅपटॉप दाखवला. "हा घे. देखणा आहे. देवापुढे शोभेल."

"याला खाच एकच आहे काका. माझा कंट्रोलर कुठे लावू, गाण्यांची डिस्क कुठे लावू?"

"मग तो खालचा ठोकळा घेणार आहेस का?"

ठोकळा म्हणजे मी.

श्यांगथिंगने मला उचलले. पिशवीतून तिने आपला कंट्रोलर काढला. दोन गोल तबकड्या आणि मधे सरकत्या पट्ट्या असलेले ते यंत्र तिने मला जोडले. मग ती वायर धरून हळूच हलवू लागली. वर, खाली, बाजूला. मला गुदगुल्या झाल्या, पण माझ्या खाचेने वायर सोडली नाही. कानाला हेडफोन लावून तिने तबकडीवर बोट आपटले आणि डोळे मिटून ऐकले. बोट आपटणे आणि आवाज येणे यांत किती फट पडते, ते ती शोधत होती. कोणी माझ्यात इतके लक्ष देऊन काही शोधते आहे, हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

"बाई, याला जरा बाहेर उन्हात ठेवून बघू?"

"उन्हात? अगं, लॅपटॉप आहे तो, वाळवायची मासळी नव्हे!"

"मिरवणूक भर उन्हात असते बाई. ट्रकवर छत्री धरायला तुम्ही येणार का?"

लो बाई हसल्या आणि त्यांनी स्कूटरची सीट पुसून दिली. मी त्या तापल्या सीटवर बसून गाणी वाजवू लागलो. रुपेरी लॅपटॉपही शेजारच्या स्कूटरवर वाजत होता. थोड्या वेळाने तो अडखळू लागला. माझा पंखा घोरत सुटला, पण गाणे चालू राहिले. मला वाटले, आता घोरण्याबद्दल बोलणी बसणार.

"ऐकलंत काका? श्वास घेतोय बघा कसा!" श्यांगथिंग म्हणाली.

काकांनी मला निरखले. "आमच्या सासऱ्यांसारखा," ते म्हणाले, आणि मी विकला गेलो.

मित्रांनो, त्यानंतर मी नव्याने शिकलो. श्यांगथिंगने माझ्यातले नको असलेले सगळे काढून टाकले. वाजवताना मधेच काही उगवू नये म्हणून इंटरनेट बंद ठेवण्याची सवय लावली. एका गाण्याचा ठेका दुसऱ्याच्या ठेक्यावर बसला की जो आनंद होतो, तो मला फार उशिरा कळला. जिन्याची पायरी पायरीवर नीट बसावी, तसे काहीसे ते असते. कदाचित तसे नसेलही. मला दुसरी उपमा येत नाही.

मिरवणुकीचा दिवस आला. ट्रकवर श्यांगथिंग वायरी जोडत असताना काका एक हिरवी पुडी घेऊन आले. आमच्याकडे यंत्र बिघडू नये म्हणून त्याच्याजवळ ही खाऊची पुडी ठेवतात. पुडीवरच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग' असा आहे. पुडी हिरवीच हवी, कारण हिरवा दिवा म्हणजे यंत्र चालू. ती फोडायची नाही, खायची नाही आणि तिची मुदतही संपलेली असता कामा नये. काकांनी चष्मा लावून तारीख तपासली. मग गर्दीला दिसेल अशी ती माझ्या पाठीवर चिकटपट्टीने घट्ट बसवली.

"यंदा कोणी म्हणायला नको की काळजी घेतली नाही," ते म्हणाले आणि माझ्यावर थोपटून खाली उतरले.

मला त्या थोपटण्याचे फार अप्रूप वाटले. म्हणून पाठीतून बाहेर पडणारा वारा थांबला आहे, हे मी मनाला लावून घेतले नाही.

ट्रक निघाला. फटाके फुटू लागले. बालदेव डोलू लागले. गल्ल्यांतून आम्ही वाजत गेलो आणि हळूहळू माझे अंग तापू लागले. मी पंखा जोरात फिरवला, पण गरम वारा बाहेर पडेना. मग जीव वाचवण्यासाठी मी हळू चालू लागलो. दुसरे मला काही सुचले नाही. ठेक्यात चरचर सुरू झाली.

श्यांगथिंगने वायर दाबून पाहिली. कंट्रोलर पाहिला. शेजारच्या गावचे पथक आमच्या पुढेच होते. त्यांच्यातला एक जण ओरडला, "काय गं, यंदा पण देवांना विश्रांती का?"

समोर देऊळ दिसू लागले होते. काका खालून हातवारे करत होते. "पुडी लावलीये मी! काही होत नाही!"

तेवढ्यात कोण्या भाविकाने मधल्या बालदेवाच्या गळ्यात बिस्किटांची माळ घातली. एक नव्हे, चार-पाच. त्या माळांनी देवाच्या पोटावरची जाळी झाकली गेली. काका धावले. "जाळी झाकू नका! आत माणूस आहे, त्याला श्वास घ्यायचाय!" त्यांनी माळा बाजूला केल्या, आणि आतून युंगछुआन नावाच्या नाचणाऱ्याचा दमलेला आवाज आला, "उपकार झाले, काका!"

श्यांगथिंगने ते पाहिले. तिने माझ्या कडेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग ती वाकून माझ्या पाठीकडे गेली.

"काका! तुमची पुडी!"

"अगं, काढू नकोस! पुडी काढायची नसते!"

"काढत नाहीये, सरकवतेय! तुम्ही याचीच जाळी झाकलीये!"

चिकटपट्टी फर्रकन निघाली. पुडी तिने माझ्यासमोर, खाचांपासून दूर ठेवली. माझ्या पाठीतून गरम वाऱ्याचा लोट बाहेर पडला. मला बोलता आले असते तर मी ओरडलोच असतो. चरचर विरली, ठेका मोकळा झाला. देवळाच्या दारात तिघे बालदेव एकदम वाकले आणि त्यांच्या वाकण्यावर माझा ठोका अचूक पडला. अचूक, असे निदान श्यांगथिंग म्हणाली. मी स्वतःच्या कामाबद्दल काही सांगू शकत नाही.

मंडळाचे अध्यक्ष ट्रकजवळ आले. "पुढच्या वर्षीही पालखीपुढे तुम्हीच," ते म्हणाले. काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

आता माझी बॅटरी थकली आहे. मिरवणुकीला मी अजून जातो, पण दोन वायरी जास्त लागतात. मित्रांनो, तुम्हाला एक विनंती करावीशी वाटते. वस्तूंवर माया जरूर करा. पण माया करण्याआधी त्या वस्तूला काय लागते, हे एकदा शोधून पाहा. आम्हाला सांगता येत नाही, तुम्हाला बघता येते.

काकांनी ते बघितले. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी पथकाच्या खोलीत ते देवांचे चेहरे साफ करत बसले होते. त्यांच्या हातात केसांचा मऊ कुंचला होता. तिन्ही देव झाले, तसे त्यांनी मला मांडीवर घेतले. कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून त्यांनी माझ्या पाठीवरची धूळ एकेका फटीतून हलकेच काढली, आणि खाली वाकून, अगदी हळू आवाजात विचारले,

"आता येतोय का रे श्वास?"