राजाच्या पायाशी बसलेले लटारूभाऊ

ऐकताय ना? मी नाटकातला एक फोटो बोलतोय. उंचीला भरपूर, रुंदीला बेताचा. माझ्यात नानाजी राजा होऊन उभे आहेत, डोक्यावर मुकुट, हातात उगारलेली तलवार. तीस वर्षांपूर्वी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात मला काढलं आणि गडचिरोलीच्या एका स्टुडिओत मी कागदावर उतरलो. मग नानाजींच्या बैठकीत भिंतीवर चढलो तो चढलोच. आलेल्या पाहुण्याला चहाआधी माझं दर्शन घ्यावं लागे!

यंदा गावच्या नाटक मंडळाला पन्नास वर्षं झाली. मंडईत मोठ्या पडद्यावर जुन्या फोटोंचा व्हिडिओ दाखवायचं ठरलं आणि नानाजींची नात दिव्यानी लॅपटॉप उघडून बसली. मोबाईलने टिपायला तिने मला फ्रेममधून काढलं आणि ओरडलीच, "आबाजी, इथी खाली लटारूआबा हायेत!"

होतेच. फ्रेमच्या जाड पट्टीखाली इतकी वर्षं दबलेले. लटारूभाऊ मंडळाचे प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पायथ्याशी आडोशाला वही घेऊन बसायचं आणि नटांना हळूच संवाद सांगायचे, हे त्यांचं काम. चाळीस वर्षांत प्रेक्षकांना ते कधी दिसले नाहीत. त्यांची बायको मंगलीबाई तर चिडवायची, "नाटकाले जातो म्हणता, पण स्टेजवर कधी दिसत नाई. कुठी पत्ते खेळत बसता का जी?"

दिव्यानीने सांगताच लटारूभाऊंनी घर गाठलं आणि बायकोला ऐकवलं, "या मंडईले पडद्यावर पाहजो मले!"

मग मला बसवायचा खटाटोप सुरू झाला. पडदा आडवा, मी उभा. दिव्यानीने आधी मला अख्खं बसवलं, तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे. नानाजी म्हणाले, "मी काय दाराच्या फटीतून पाहून राह्यलो?" मग तिने मला आडवं ताणलं. बापा रे! नानाजींचं पोट असं सुटलं की पोरगी हसून हसून लोळली. शेवटी तिने मला इतकं मोठं केलं की पडदा काठोकाठ भरला. नानाजी खूश. मुकुट सांभाळला, पण माझा खालचा भाग पडद्याबाहेर गेला, आणि त्यासोबत लटारूभाऊही.

नेमके तेव्हाच ते आले, मंडईसाठी नवा सदरा शिवायला टाकून. लॅपटॉपवर त्यांनी स्वतःला शोधलं. नाही सापडले. मग हसून म्हणाले, "राहू दे बेटा. माही जागाच न दिसाची."

मला फार वाईट वाटलं. हलता आलं असतं तर मी स्वतःच वर सरकलो असतो!

दिव्यानीलाही चुटपुट लागली. बराच वेळ तिने मला खालीवर केलं, आणि तिला सुचलं. मोठाच ठेवायचा, पण सरकवायचा. सुरुवातीला पायथा दाखवायचा, मग हळूहळू वर राजापर्यंत जायचं.

नानाजी उसळले, "राजा पयले का वहीवाला पयले?"

"आबाजी, तुमचा डायलॉग पयले कोनाच्या तोंडून निघे?"

नानाजींनी डोकं खाजवलं. "कर मंग तसंच," म्हणाले.

मंडईच्या संध्याकाळी सारा गाव जमला. पडद्यावर आले लटारूभाऊ, चष्म्यासकट, वहीसकट, बैलगाडीएवढे! शिट्ट्या पडल्या. मग मी वर सरकत नानाजींच्या उघड्या तोंडापाशी थांबलो. आणि सवयच ती, गर्दीत बसलेल्या लटारूभाऊंनी हळूच सांगितलं, "सेनापती, तलवार म्यान करा!"

पुढच्या रांगेत नानाजी ताडकन उठले आणि तेच वाक्य गरजले. टाळ्या त्यांनाच पडल्या, अर्थात.

मंगलीबाई मात्र नवऱ्याकडे बघत होती. "असं करत होते का जी तुमी?" म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले.

आता मी तिच्या मोबाईलमध्ये राहतो. दुपारी तांदूळ पाखडून झाले की ती मला उघडते आणि दोन बोटांनी ओढून मोठा करते. इतका मोठा, की मुकुट, तलवार, राजा सगळं बाहेर जातं आणि तेवढे लटारूभाऊ उरतात. नानाजींना हे सांगू नका, एवढीच विनंती.