करड्यानं पानफुटी खाल्ली

कुत्रं पिसाळलं म्हंजी काय असतं, ते मला कुणी शिकवू नये. माझा जलम मेंढरांत आन् कुत्र्यांत गेलाय. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला बिचकतं. आमचा करड्या त्या दुपारी हौदाला तोंड लावून गटागटा पाणी पीत व्हता, वकत व्हता, पुन्ना पीत व्हता. पण ऐकतंय कोण!

झालं असं, की माझं धाकटं दीर, हिंदुराव भावजी, त्यांना मुतखडा. कुणी सांगितलं, पानफुटीची दोन पानं रोज अनुशापोटी चावा. लगीच वालचंदनगरच्या क्वार्टरातनं रोप आणलं, डालड्याच्या डब्यात लावलं आन् ओसरीवर ठिवलं. जाड, रसरशीत पानं. मेंढरं इकल्यापासनं करड्याला काम न्हवतं. रिकामा जीव, दिसंल ते चावायचा. त्यानं एखादं पान सोडून सगळं झाड खाल्लं.

मग तोंडाला फेस, मागचं पाय लटपटायला लागलं. भावजी वरडलं, "पिसाळलं रं, पिसाळलं!" झालं! सगळी आळी काठ्या घिऊन दारात.

मी करड्याला पोटाशी धरून बसले. "आरं, वकारीत हिरवा पाला बघा की! पानफुटी बाधलीया त्याला. सांजंपातूर थांबा, उतरंल."

भावजींनी डब्यातलं उरलंसुरलं पान तोडलं आन् समद्यांसमोर कचाकचा चावलं. "ही बघा. मी रोज खातो. मला काय झालं? माणसाचं औषिद कुत्र्याला कसं बाधंल?"

लोकांना पटलं. मुडद्यांना तेच पटायचं व्हतं.

भावजींनी माझं केस धरलं आन् मला फरफटत वढलं. मी किंचाळले. तसा त्यो करड्या, पायावर उभं ऱ्हायचं बळ न्हाय, तरी उठला आन् भावजींच्या पोटरीत दात रवलं.

मग काय इचारता. पहिली काठी पाठीत बसली, दुसरी डोक्यात. टाळकं फुटलं तरी शेपूट हालत व्हतं माझ्याकडं बघून. रगात हौदापातूर उडालं. मेल्यावरबी हाणत व्हती मेली.

भावजींना बारामतीला नेलं. पोटात सुया चालू झाल्या. एक दिवस लंगडत माझ्या दारात आलं, तोंड पांढरंफटक. पाणी बघितलं की छाती धडधडती म्हणालं. "वैनी, पाया पडतो. खरं सांगा, पिसाळला न्हवता ना त्यो?"

जिभंवर आलं व्हतं, पिसाळलाच व्हता म्हणावं. मरू दे ह्याला भ्यानं झुरून. पण माझ्या करड्याला पिसाळलेला म्हणायला तोंडच उघडंना. म्हटलं, "न्हवता. सुया घ्यायच्या त्या घ्या, पण त्यो शाणा व्हता. पाला बाधला व्हता त्याला. सांजंला उठून भाकर खाल्ली असती त्यानं. तुमी जीव घेतला त्याचा."

भावजींनी वर बघून हात जोडलं. "सुटलो बाई," म्हणालं, आन् हसलं.

हसलं वो!

मी चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आन् त्या हसत्या तोंडावर हाणलं. खाली पडलं तरी हाणलं. करड्याला मारताना माझं हात दोघांनी धरलं व्हतं. आता धरायला कुणी न्हवतं.