रक्षाच्या हातचं

बातमी आली त्या दिवशी रुक्मा रामनगरच्या बाजारात नेहमीसारखी ताडपत्रीखाली बसली होती. समोर एकाच पुस्तकाच्या प्रती रचलेल्या. कणगं, करांदे, सुरण असे कंद कसे रांधायचे ते सांगणारं हे पुस्तक तिच्या एकुलत्या मुलीनं, रक्षानं, लिहून छापून घेतलं होतं. गोव्याच्या रस्त्यावर ट्रकनं रक्षाला उडवल्याचं सांगत कुणीतरी धावत आलं, तेव्हा एक बाई सुरणाचं पान चाळत होती. रुक्मानं तिला पुस्तक कागदात बांधून दिलं आणि मग ती उठली.

रक्षाला जाऊन वर्ष उलटल्यावर जोयड्याच्या कंदमेळ्यात तिनं पुन्हा टेबल मांडलं. घरात बसवत नव्हतं. इथंही ती पुस्तकं रचायची, मोडायची, पुन्हा रचायची. आदल्या वर्षी पुस्तक नेलेल्या बायका त्यातलं काहीतरी करून डब्यातून दाखवायला आणत. ही सवय रक्षानंच लावलेली. रामनगरची गुणा पहिली आली.

"मावशी, खाऊन बघा. नावं ठिवायची न्हाईत हां."

पहिल्याच घासाला रुक्माचा हात थांबला. सुरण तळाला जरासं करपलेलं आणि ते झाकायला वरून गूळ घातलेला. रक्षा फोनवर बोलता बोलता नेहमी हेच करायची. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

दुपारी उळवीच्या राखीनं डबा उघडला. तीच करप, तोच गूळ. रुक्मानं डबा पुसून खाल्ला. वर्षभरात आज प्रथमच ती पोटभर जेवली होती.

डबा न्यायला गुणा परतली, ती आईला, फुलाला, सोबत घेऊन. डबा उचलता उचलता गुणा रुक्माकडं बघून सहज म्हणाली, "आये, गोळी घेतलीस काय? का आजबी इसरलीस?"

रुक्माच्या गोळ्यांचं रक्षाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"घेते गं," रुक्मा म्हणून गेली. गुणा पुढं गेली. फुला मात्र तिथंच घुटमळली.

"तुमाला आये म्हनती व्हय? बरं हाय," ती हसायला गेली, पण जमलं नाही. "मला दिवाळीपास्नं, तुमचं पुस्तक बघून रांधाय लागल्यापास्नं, फुलाबाई म्हनती. वाटंवरच्या बाईला म्हनावं तशी. पैलं वाटलं, थट्टा करती."

रुक्मा पुस्तकं सारखी करत राहिली. "पोरींचं काय खरं असतंय," एवढंच तिच्या तोंडून आलं.

फुला गेली. गर्दीतून एक मुलगी आईला हाताला धरून ओढत टेबलापाशी आली.

"हे घेऊ या गं आई."

"आदी भात तरी नीट शिजीव, मग कंद!"

"गप गं," मुलगी हसत आईच्या खांद्याला टेकली आणि तिनं वरचं पुस्तक धरलं. त्याचं दुसरं टोक अजून रुक्माच्या हातात होतं.

रुक्मानं त्या आईकडं एकदा बघितलं, पण पुस्तक मागं ओढलं नाही.