माझ्या कपाळावरचा सात

मित्रांनो, मी बसथांब्याचा एक जुना खांब आहे. लोखंडाचा, आतून पोकळ, आणि सध्या आतून फार घाबरलेला. खांबाला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. ऐकून घ्या, मग ठरवा.

माझा जन्म बस आगारामागच्या कारखान्यात झाला. एका लोहाराने मला नळीसारखे गोल वळवले, वर चौकोनी पाटी जोडली आणि एका म्हाताऱ्या पेंटरने त्या पाटीवर पिवळ्या रंगात भला मोठा सात काढला. काढून झाल्यावर तो चार पावले मागे गेला, डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला, "रस्त्याच्या पलीकडून आंधळ्यालाही दिसेल बघ!" त्या कौतुकाने मी जो ताठ झालो तो आजवर वाकलो नाही. एकदा एका टेम्पोने धडक दिली होती, ती सोडून.

मला एका चौकाच्या अलीकडे पुरले. एकतीस वर्षे सात नंबरची बस माझ्यापाशी थांबली, चौकातून सरळ गेली आणि अकराव्या थांब्यावर मोठ्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली. यात कधी बदल नाही. माझ्या थांब्यावरच्या लोकांची रीतही ठरलेली. येणारा माणूस माझ्या पायाशी आपली पिशवी ठेवतो आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर सावलीत जाऊन बसतो. पिशव्यांची रांग हीच माणसांची रांग. बस आली की ज्याची पिशवी पुढे, तो आधी चढतो. यावरून कधी भांडण झाले नाही. पण त्यामुळे झाले असे, की मान वर करून माझ्याकडे बघायची कुणाला गरजच उरली नाही. पिशवीमागे पिशवी ठेवली की काम झाले!

या लोकांत एक शिंपी आहे. सगळे त्याला टेपकाका म्हणतात, कारण दुकान बंद करून सहा वर्षे झाली तरी मोजायची टेप त्याच्या गळ्यातून उतरलेली नाही. त्याला अक्षरओळख नाही, पण आकडे पक्के, टेपवरचेच. डोळ्यांनी आता अंधुक दिसते, तरी माझा सात त्याला दिसतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. सकाळी नऊची वेळ चुकली की यंत्र दुसऱ्याला देतात. मुलगी त्याला थांब्यावर सोडते आणि धुलाईच्या कारखान्यात कामाला पळते. पुढचा प्रवास तो एकटा करतो, पास दाखवून, कुणाला काही न विचारता. सदऱ्याच्या उजव्या खिशात अकरा बटणे ठेवतो आणि थांबा आला की एक बटण डाव्या खिशात टाकतो. उजवा खिसा रिकामा झाला, की उतरायचे.

मागच्या महिन्यात बस कार्यालयाने शहरातले सगळे मार्ग बदलले. एक माणूस शिडी घेऊन आला आणि माझ्या पाटीखाली कागद चिकटवून गेला. कागदावर रंगीत रेघा, बाण, तारे आणि मुंगीएवढी अक्षरे. ती वाचायची तर माणसाने माझ्या खांद्यावरच बसायला हवे. मी मात्र कागद चिकटवतानाच त्या माणसाचे फोनवरचे बोलणे ऐकले. सात नंबर यापुढेही माझ्याकडेच थांबणार होती, पण चौकातून डावीकडे वळून गावाबाहेरच्या गोदामांकडे जाणार होती. दवाखान्याला आता बावीस नंबर, आणि तिचा थांबा कोपऱ्यावरून वळून पोस्टासमोर.

पहिल्याच दिवशी एक कारकून फायलींसकट गोदामात पोहोचला. परत येऊन हसत हसत सांगत होता. सगळे हसले. मला हसू आले नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

मुलगी टेपकाकाला घेऊन आली. पायाशी चार पिशव्या होत्याच. तिने पाचवी ठेवली.

"बाबा, सात नंबर हं."

"मला शिकवतेस? तू जा, तुझी हजेरी बुडेल."

ती गेली. मला ओरडावेसे वाटत होते. बस आली, त्याने माझ्या सातकडे पाहिले, मग बसवरच्या सातकडे पाहिले आणि समाधानाने चढला. बस चौकातून डावीकडे वळली.

एरवी तो दुपारी दोनपर्यंत परत येतो. दोन वाजले, तीन वाजले. समोरच्या बाजूला येणारी प्रत्येक बस मी बघत होतो. चार वाजता मुलगी धावत आली आणि पायरीवर बसलेल्या एकेकाला विचारू लागली. दवाखान्यातून तिला फोन आला होता, की वडील आलेच नाहीत. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. मला सगळे माहीत होते आणि मी नुसता उभा होतो. मित्रांनो, एकतीस वर्षांत मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पाचच्या सुमाराला पलीकडे सात नंबर थांबली. कंडक्टरताईंनी टेपकाकाला हाताला धरून रस्ता ओलांडून आणले.

"आजोबा गोदामाच्या फाटकाशी बसले होते हो," त्या म्हणाल्या. "दवाखान्याचं दार कधी उघडणार म्हणून वॉचमनला विचारत होते. हा दवाखाना नाही म्हटलं तरी पटेना. सकाळपासून!"

टेपकाकाचे पाय सुजले होते. त्याने डावा खिसा मुलीपुढे उलटा केला. "मोज बरं. अकराच आहेत ना? मी चुकलो नाही गं."

मुलीने बटणे मोजली नाहीत. ती तिथेच रस्त्यावर रडली.

त्या रात्री त्याला धाप लागली आणि दवाखान्यात ठेवून घ्यावे लागले, हे मला दोन दिवसांनी पायरीवरच्या बोलण्यातून कळले. त्यापुढचे आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला होता. मधे मुलीच्या तक्रारीवरून कार्यालयाचा एक साहेब आला. त्याने मान वर करून मला नीट पाहिले.

"पाटी तर बरोबर आहे," तो म्हणाला. "सात लिहिलंय, सात थांबते."

"साहेब, पण ती जाते कुठे?" मुलीने विचारले.

"ते कागदावर आहे की!"

कागद तर कधीच फाटून गेला होता.

टेपकाका वाचला. त्यानंतर मुलीने रजा काढून त्याला दोनदा पोस्टासमोरून बावीस नंबरने नेले. पण आता तिच्या रजा संपल्या आहेत, आणि त्याला काही ते पटलेले नाही. आज सकाळी तो फिरत फिरत माझ्यापाशी आला आणि पायरीवरच्या लोकांना म्हणाला, "बावीस-बिवीस काही नाही. कार्यालयवाल्यांचा खेळ आहे, चार दिवसांत गुंडाळतील. सात म्हणजे दवाखाना. हे बघा ना, खांबावर अजून आहे!" एकानेही त्याला धड सांगितले नाही. सगळे हसून मान डोलावत राहिले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, की आम्हाला जपा, आम्हाला रंग द्या, फेकून देऊ नका. माझे मागणे उलटे आहे. ज्या आकड्यावर माणसांनी आयुष्यभर विसंबावे, तो आकडा दुसऱ्या वाटेला देऊ नका. नव्या वाटेला नवा आकडा द्या. आणि तेवढे जमणार नसेल, तर कुणीतरी शिडी आणा आणि माझ्या कपाळावरचा सात खरवडून काढा. मला वाईट वाटेल, फार वाईट वाटेल, पण तुम्ही थांबू नका. रंग निघाला नाही तर मलाच उपटून न्या.

फक्त आजच्या आज करा. उद्या मंगळवार आहे.