त्रास झाला नाही

आमच्या घरात मुली दोन होत्या आणि कौतुकाची वाक्यंही दोनच. बाबा लाकडाच्या बाहुल्या करायचे, दोऱ्यांवर चालणाऱ्या. मी बाहुली चालवून दाखवली की ते मान हलवून म्हणायचे, "स्वच्छ काम आहे." भिंगरीनं चालवली की हातातलं काम खाली ठेवून म्हणायचे, "बाहुलीनं श्वास घेतला." भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. कानामागून आली आणि तिखट झाली. स्वच्छ काय, फरशीही असते. एकोणिसाव्या वर्षी मी बाहुल्या सोडल्या, बाहेरदेशी शिकायला गेले आणि दुभाषी होऊन परत आले. हिला भाषांची फार आवड, असं सगळे म्हणतात. मला खरं तर ते दुसरं वाक्य ऐकू येणार नाही इतक्या लांब जायचं होतं.

दुभाष्याच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. शब्द कुठल्याही भाषेतून कुठल्याही भाषेत नेता येतात, पण उत्साह नेताना त्याचं माप बदलावं लागतं. या वर्षी आमच्या नाट्यगृहात बाहुलीवाल्यांचं सहा दिवसांचं शिबिर होतं. त्याला दोन पाहुणे आले होते आणि दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी होते. एक बाई होत्या, त्यांचं नाव शिबिरातल्या लोकांनी पहिल्याच दिवशी 'उधळी' पाडलं. त्यांच्या भाषेत नुसतं बरं वाटलं तरी माणूस मरतो. कुणी दोऱ्या नीट गुंडाळून ठेवल्या की त्या छातीवर हात ठेवून म्हणायच्या, "माझं काळीज चोरलंत, आता मी घरी कशी जाऊ?" मी सांगायचे, "छान जमलंय." कुणी बऱ्यापैकी बाहुली चालवली की त्या म्हणायच्या, "मी संपले, मला इथेच पुरा." मी सांगायचे, "आवडलं त्यांना."

दुसरे होते एक म्हातारे कारागीर. त्यांना सगळे आजोबा म्हणायचे. त्यांच्या भाषेत तोंडावर कौतुक करणं म्हणजे समोरच्याला लहान मूल समजणं, त्यामुळे तिथली माणसं चांगलं बोलायचं झालं तरी नकारातून बोलतात. "धागे गुंतले नाहीत," असं आजोबा म्हणाले की मी सांगायचे, "फार सफाईदार हात आहे तुमचा." "मी खिडकीकडे पाहिलं नाही," म्हणाले की, "तुमच्यावरून नजर हलत नव्हती." एकीचं पाणी घालून पातळ करायचं, दुसऱ्याचं आटवून घट्ट करायचं. यात लबाडी काही नाही. चांगला दुभाषी हे करतोच, आणि जो करत नाही त्याच्यापेक्षा शब्दकोश स्वस्त पडतो.

आजोबांच्या भाषेतलं सगळ्यात मोठं वाक्य मी तिथं शिकायला होते त्या चार वर्षांत एकदाच ऐकलं होतं. घरमालकांबरोबर गाणं ऐकायला गेले होते. गाणाऱ्या बाई थांबल्या तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, सगळे नुसते उभे राहिले. बाहेर येताना मालक कोट चढवत म्हणाले, "मला त्रास झाला नाही." त्यांचे डोळे लाल झाले होते.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी परीक्षा होती. अकरा जणांतल्या एकाला आजोबांच्या कार्यशाळेत दोन वर्षं शिकायला मिळणार होतं, राहण्याजेवणासकट. निवड आमच्या संस्थेची तीन माणसांची समिती करणार होती, पाहुण्यांचं मत ऐकून, म्हणजे माझ्या तोंडून ऐकून. अकरावी होती भिंगरी. ती चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची आणि उरलेला अर्धा दिवस बाहुल्यांना द्यायची. बाबा गेल्यापासून तीन वर्षं ती या जागेची वाट पाहत होती. मला हे कुणी सांगायला नको, तिच्या अर्जाचं भाषांतर मीच केलं होतं. बहीण असल्यामुळे माझ्याकडून तिच्या बाजूनं काही होणार नाही ना, असं व्यवस्थापक बाईंनी मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं, "मुळीच नाही." तेवढं माझं बोलणं खरं निघालं.

भिंगरीनं बाबांनी केलेली शेवटची बाहुली आणली होती, अठरा दोऱ्यांची म्हातारी. परत आल्यावर तिचे गाल मी पंधरा दिवस घासकागदानं घासले होते, पण बाबांनी ठेवली मात्र भिंगरीसाठी. म्हातारी स्टुलावर बसली आणि सुईत दोरा ओवायला लागली. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मग तिनं हात खाली घेतले, आपल्याकडे कुणी पाहत नाही ना म्हणून हळूच मान वळवली, आणि दोऱ्याचं टोक तोंडात धरून ओलं केलं. एवढंच. लाकडाची म्हातारी लाजली, आणि अख्ख्या सभागृहाला आपण उगाच पाहिलं असं वाटलं. मलाही वाटलं. त्याच वेळी मी टेबलाची कड घट्ट धरली.

उधळी बाई रडत होत्या. "तू मला ठार केलंस," त्या म्हणाल्या. "आता मी कुणाचं काही पाहणार नाही." मी रोजच्यासारखंच सांगितलं, "छान जमलंय."

मग सगळे आजोबांकडे पाहायला लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "मला त्रास झाला नाही."

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. याला आपल्या भाषेत काय म्हणायचं ते मला शोधावं लागलं नाही. नेमक्या त्याच मापाचं वाक्य मला पंधराव्या वर्षापासून पाठ होतं आणि ते आपणहून दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

"म्हणतात, त्रास झाला नाही," मी सांगितलं.

मागे कुणीतरी फसकन हसलं. समितीच्या अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. भिंगरी मान झुकवून "आभारी आहे" म्हणाली आणि दोऱ्या आवरायला लागली. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते, शब्दाला शब्द तोलून दिला होता. साप मेला होता आणि काठीही मोडली नव्हती. त्या दुपारी मी पोटभर जेवले, हे सांगायला आता लाज वाटते.

संध्याकाळी भिंगरी बाहुलीची पेटी घेऊन माझ्या घरी आली. पेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतःच जाऊन चहा टाकला.

"ताई, ही तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली.

"का गं?"

"मी दुकानात पूर्ण वेळ घेते. मालक कधीचे म्हणतायत." तिनं मला कप दिला. "सहा दिवस मी तुला ऐकत होते. तू सगळ्यांना गोड करून सांगत होतीस. शिबिरातल्या त्या शिंप्याची बाहुली दोनदा खुर्चीवरून पडली, तरी तू म्हणालीस आजोबांना त्याची धिटाई आवडली."

"मग?"

"मला नाही गोड केलंस. आधी राग आला. म्हटलं, सख्ख्या बहिणीला एवढंही देववत नाही? मग घरी जाऊन विचार केला. बाबा लाडानं बोलायचे, मी ते खरं धरून बसले. बरं झालं तू तरी खरं सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी चहा प्यायले. ती गेल्यावर दार लावलं आणि पेटी उघडली.

किती वर्षं मला ती बाहुली हवी होती. मी दोऱ्यांची फळी हातात धरली, म्हातारीला टेबलावर उभं केलं, चालवलं, बसवलं. अठराच्या अठरा दोऱ्या बोटांनी बरोबर ओळखल्या, एकही हिसका बसला नाही. कपाटाच्या आरशात मला आम्ही दोघी दिसत होतो. म्हातारीनं सुई वर धरली, दोरा तोंडाशी नेला, मान वळवली. तीन वेळा करून पाहिलं. लाकडाचा हात वर जात होता आणि खाली येत होता. स्वच्छ काम होतं. भिंगरीचं वाक्य पुसलं की माझं मोठं होईल असं मला इतकी वर्षं कुठेतरी वाटत आलं होतं. ते होतं तेवढंच राहिलं, आणि आता घरात तेवढंच उरणार होतं.

निकाल सकाळी दहाला लागायचा होता. मी साडेनऊलाच समितीच्या खोलीत गेले. यादी टाइप करून तयार होती, अजून फळ्यावर लावली नव्हती. वर शिंप्याचं नाव होतं. आजोबा कोपऱ्यात कोट मांडीवर घेऊन बसले होते.

"काल माझ्याकडून चूक झाली," मी म्हटलं. "शेवटच्या मुलीच्या वेळी."

"शब्द चुकला?" व्यवस्थापक बाईंनी विचारलं.

"शब्द बरोबर होता. मी मुद्दाम तेवढाच दिला. बाकीच्यांना अर्थ सांगितला आणि तिला नुसता शब्द."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग ते नक्की काय म्हणाले होते?"

खोलीचं दार उघडंच होतं. बाहेरच्या व्हरांड्यात भिंगरी उभी होती, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र आणि हातात शिबिराचं, परत द्यायला आणलेलं. ती ऐकत होती. अप्रतिम, लाजवाब, अवर्णनीय, असे डझनभर शब्द माझ्याकडे रोजच्या वापरात आहेत. त्यातला एकही पुरा पडणार नव्हता.

"बाहुलीनं श्वास घेतला," मी म्हटलं. "असं म्हणाले."

अध्यक्षांनी मला आजोबांना पुन्हा विचारायला लावलं. आजोबांच्या कपाळाला आठी पडली. "मी एकदा बोललो आहे," ते म्हणाले. मी सांगितलं, "ते म्हणतात, असं वाक्य माणूस आयुष्यात दोनदा बोलत नाही." अध्यक्षांनी यादीतलं पहिलं नाव खोडलं. व्यवस्थापक बाई मला म्हणाल्या की या संस्थेत मला पुन्हा काम मिळणार नाही. मी मान डोलावली. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

व्हरांड्यात भिंगरी तिथेच उभी होती.

"काल माहीत होतं तुला?" तिनं विचारलं.

"हो."

"बाबांचं ते वाक्य. तोंडात आलं होतं?"

"आलं होतं."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नुसतं हातातलं ओळखपत्र परत गळ्यात घातलं.

तेवढ्यात आजोबा कोट घालून बाहेर आले. निवड कुणाची झाली एवढंच त्यांना कळलं होतं, बाकी यातलं काही माहीत नव्हतं. ते मला म्हणाले की पहिलं वर्ष या मुलीला भाषेची अडचण होईल, माझ्या घरात वरची एक खोली रिकामी आहे, तुम्हीही दुभाषी म्हणून चला. मी ते भिंगरीला सांगितलं, पाणी न घालता, जसंच्या तसं. सांगता सांगता मनात माझी बॅग भरूनही झाली होती. तिकडे रोज तिच्या आणि त्यांच्या मधल्या खुर्चीवर मी असणार होते.

भिंगरी माझ्याकडे न बघता आजोबांकडे बघत म्हणाली, "त्यांना सांग, दुभाषी नको. मी त्यांची भाषा शिकेन."

मी सांगितलं. आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "वाईट नाही." मी तोंड उघडणार तोच भिंगरी हसली. तिला कळलं होतं.

"पेटी संध्याकाळी न्यायला येते," ती मला म्हणाली. "घरी असशील ना?"

"असेन."

ती आजोबांबरोबर जिन्यानं खाली उतरली. जाता जाता त्यांनी कठड्याकडे बोट दाखवून त्याला त्यांच्या भाषेत काय म्हणतात ते सांगितलं, आणि तिनं म्हणून दाखवलं. पहिल्याच वेळी नीट म्हटलं. मला तो शब्द जमायला महिना लागला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. आमच्या घरात ही भाषा आजवर फक्त मला येत होती. आता ती तिलाही येणार होती, आणि तिच्या तोंडात ती श्वास घेणार होती.